गार पाऊल

दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, आणि नेहमीसारखी आडवी होऊन निंगनं आपलं डावं पाऊल नवऱ्याच्या पोटावर ठेवलं. हार्सोयो झोपेतच म्हणाला, "हे नको. दुसरं दे."

"हेच ते," निंग म्हणाली.

"ते नव्हे हे. हे गरम आहे." एवढं बोलून तो भिंतीकडे वळला आणि घोरायला लागला.

पाऊल अधांतरीच राहिलं. निंगनं उठून बसून ते दोन्ही हातांत घेतलं, आणि आपल्या खिशात हात घालावा नि भलत्याचंच पाकीट हाती लागावं तसं तिला झालं. खरंच गरम होतं. वयाच्या चौथ्या वर्षी तिला ताप आला होता. आठवड्याभरानं तो गेला, पण जाताना डाव्या पायातला अर्धा जीव घेऊन गेला, आणि तेव्हापासून गुडघ्याखालचा तो पाय गार. नुसता गार नव्हे, विहिरीतून नुकत्याच वर काढलेल्या कळशीसारखा गार, आणि रंगानं मँगोस्टीनच्या सालीसारखा जांभळट. सुराबायाच्या उन्हाळ्यात पालीसुद्धा भिंत सोडून फरशीवर येऊन पडतात. अशा गावात असं पाऊल घरात असणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. लहानपणी तिच्या शेजारी झोपायला भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. थोरली बहीण रुक्मी, जिला सगळे म्बाक रुक्मी, म्हणजे रुक्मीताई म्हणत, ती पाळ्या लावून द्यायची आणि स्वतःची पाळी दोनदा लावायची. वडिलांना ताप चढला की आई निंगला हाक मारी. आता बापाच्या कपाळाला लेकीचा पाय कसा लावायचा? म्हणून आधी ओलं फडकं निंगच्या पावलाला गुंडाळायचं, ते गार झालं की सोडून वडिलांच्या कपाळावर घालायचं. वडील डोळे मिटून म्हणायचे, "हे फडकं कुठं ठेवता गं तुम्ही, इतकं छान गार?" आणि सगळं घर गप्प.

लग्नातही तिनं सोनं नेलं नव्हतं. हार्सोयो शाळेत कवायत शिकवायचा. छाती पुढे, गळ्यात शिट्टी, आणि घाम असा की दोन तासांनंतर सदरा पिळून वाळत घालावा. लग्नानंतरच्या पहिल्याच दुपारी झोपेत तिचं पाऊल त्याच्या पोटाला लागलं तेव्हा तो ताडकन उठून बसला, आणि मग हळूच पुन्हा आडवा होऊन त्यानं ते पाऊल आपल्या हातानं पोटावर नीट ठेवून घेतलं. निंग जागी होती. तिनं डोळे उघडले नाहीत, पण आत कुठंतरी टाळ्या वाजल्या. इतर मुली बांगड्या आणतात, मी फ्रीज आणला, असं तिला वाटलं. तेव्हापासून एक मुलगा झाला, मोठा झाला, बोर्निओत कोळशाच्या खाणीवर नोकरीला गेला. हार्सोयो निवृत्त झाला, छाती उतरून पोटात आली. पण दुपारचा हा नेम चुकला नव्हता. चार बायकांत बसल्यावर कुणाच्या हाताला चव असायची, कुणाचा आवाज गोड असायचा. निंग मनातल्या मनात म्हणायची, माझ्यापाशी काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.

आणि आता ते पाऊल गरम झालं होतं. म्हातारपणी बायकांचे केस जातात, दात जातात. आपला गारवा गेला की काय? ती बराच वेळ पाऊल हातात घेऊन बसली. करंगळीच्या बाजूची कड सुजली होती. त्या कडेवरच ती सगळा जन्म चालत आली होती. पाऊल आत वळलेलं, टाच जमिनीला न टेकणारी, त्यामुळे बाहेरच्या कडेला नारळाच्या करवंटीसारखा कडक घट्टा. दुखायचं, पण दुखणं शेजाऱ्याच्या रेडिओसारखं होतं. चालूच असायचं, कान दिला तरच ऐकू यायचं. गेले काही दिवस शेजाऱ्यानं आवाज वाढवला होता खरा. पण लग्नसराई तोंडावर होती, कोण कान देतो?

निंग नवऱ्या सजवायची. कपाळावर काळ्या रंगानं पानांची महिरप काढायची, अंबाड्यात जाईचे गजरे ओवायचे, कमरेपासून घोट्यापर्यंत बाटिक घट्ट गुंडाळायचं आणि नवरीला सांगायचं, श्वास घ्यायचा तो वरच्या वर घे. या कामात तिचा हात धरणारं सुराबायाच्या दक्षिणेला कुणी नव्हतं. पण हे काम तिनं पत्करलं त्याचं खरं कारण हातात नव्हतं, पायात होतं. मांडवात सजवणारीनंही बाटिक तसंच घट्ट नेसायचं असतं, आणि तसं नेसल्यावर जगातली कोणतीही बाई एका वेळी वीतभरच पाऊल टाकू शकते. मांडवात सगळ्याच बायका डुलत, अडखळत, खांबांना धरत चालतात. त्या गर्दीत निंगचं लंगडणं साखरेसारखं विरघळून जायचं. शेजारीपाजारीही भले होते. तिच्या पायाविषयी गल्लीत कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती येताना दिसली की माणसं आभाळाकडे बघत. गल्लीतल्या माणसांना आभाळाचा इतका अभ्यास होता तो निंगमुळे.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिनं फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत ओतला आणि न्हाणीघराचं दार लावून पाऊल त्यात बुडवून बसली. करकरून ठणका उठला, डोळ्यांत पाणी आलं, पण पाऊल गार झालं. तशीच लगबगीनं येऊन ती आडवी झाली आणि तिनं ते हार्सोयोच्या पोटावर ठेवलं. तो शहारला. "आज ओलं का?"

"वजू करून आले."

"एकाच पायाचा?"

थोड्या वेळात बर्फाचा असर ओसरला आणि पाऊल पुन्हा तापायला लागलं. ते तापताना कळू नये म्हणून ती ते हळूहळू मागे घेत राहिली. चोरानं घरातून उलट्या पावलांनी निघावं तसं. हा खेळ आठवडाभर चालला. घरात बर्फ उरेना. हार्सोयोनं दोनदा सरबत मागितलं आणि दोन्ही वेळा त्याला ते कोमट मिळालं. तो फ्रीज उघडून आत डोकं घालून बराच वेळ उभा राही. मग म्हणे, "बू, याचा गॅस गेलाय." मूल झाल्यापासून तो तिला बू म्हणजे आई म्हणायचा आणि ती त्याला पाक म्हणजे बाबा. पोरगं बोर्निओत असलं तरी घरात आईबाप दोघंही हजर होते.

म्बाक रुक्मी आली ती नातीच्या लग्नाचं बोलायला. नस्तिती तिची सगळ्यांत लाडकी नात, लग्न महिन्यावर आलेलं, आणि सजवणार अर्थातच निंग. रुक्मीनं दारातूनच बहिणीचं पाऊल पाहिलं. तिची नजर नेहमी आधी तिथंच जायची. निंग पाच वर्षांची असताना वैदूनं सांगितलं होतं, पोरीला सकाळच्या उन्हात समुद्राच्या वाळूत कमरेपर्यंत पुरून ठेवा, पायात जोर येईल. रुक्मीला राखणीला बसवलं होतं. रुक्मीला भूक लागली, ती शिंपल्यांचं कालवण खायला टपरीवर गेली, तिथं एका मैत्रिणीशी गप्पा रंगल्या, आणि भरती आली. निंगला ते अजून लख्ख आठवतं. पाणी पोटापर्यंत आलं होतं, एक खेकडा अगदी समोर येऊन तिच्याकडे टक लावून बघत होता, आणि तिला भीती अशी वाटलीच नव्हती, उलट आता पाण्यानं सुटका होईल असंच वाटत होतं. पायात जोर आला नाही तो नाहीच. रुक्मीच्या जिभेत मात्र त्या दिवसापासून आला. निंगला खुर्ची द्या, निंगला पुढे बसू द्या, निंग दमली असेल. साठी उलटली तरी ती निंगची राखण करत होती.

"वारा शिरलाय," पाऊल दाबून रुक्मीनं निदान केलं. "नाणं आण नि तेल आण."

"म्बाक, पाठीत शिरतो वारा. पावलात कसा शिरेल?"

"शिरायला त्याला काय दार लागतं? पाय पुढे कर."

तिनं तेल लावून, शिरलेला वारा बाहेर काढायला नाण्यानं पाऊल घासायला सुरुवात केली आणि निंगच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागली. हार्सोयो धावत आला. त्यानं सुजलेलं, लाल झालेलं पाऊल पाहिलं, न्हाणीघरातली बादली पाहिली, बादलीत तरंगणारा बर्फाचा शेवटचा खडा पाहिला आणि त्याच्या डोक्यात काहीतरी जुळलं. "स्कूटर काढतो," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोक्याला आंबा रंगाचा रुमाल. त्यांनी निंगचं पाऊल हातात घेतलं ते बाजारात पपई निवडावी तसं, न घाबरता, सगळ्या बाजूंनी फिरवून. आजवर कुणी डॉक्टरनं असं धरलं नव्हतं. सगळे कसे चिमटीत धरायचे.

"दुखतं?"

"नाही."

त्यांनी करंगळीमागच्या कडेवर बोट टेकवलं. निंग टेबलावरून वीतभर उडाली.

"हे काय मग?"

"हे नेहमीचंच आहे."

फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरला आणि करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड दाखवलं. एक काळी रेघ, जणू कुणी पेन्सिलीनं ओढलेली. सगळ्या अंगाचा भार इतकी वर्षं त्या एका कडेवर. हाड मुळातच पातळ. आधी केसाएवढी चीर पडली असेल, मग ती वाढली, म्हणून ही सूज नि म्हणून पाऊल गरम. "आणि तुम्ही यावर चालत होतात?"

"मग काय करणार?" निंग म्हणाली. "उडता येत नाही."

दीड महिना प्लास्टर. पाय टेकायचा नाही. त्यानंतर पावलाला आणि पोटरीला आधार देणारा साचा, त्यावर जाड तळाचा बूट, आणि तो घरातसुद्धा घालायचा. घरात बूट, हे ऐकून निंगला हाड मोडल्यापेक्षा जास्त धक्का बसला. डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या की पोलिओनं गेलेल्या पायाला रक्त कमी पोचतं म्हणून तो गार असतो, गार पाय चांगला नव्हे, त्याला ऊब द्यावी लागते, मोजे घालावेत, रात्री गुंडाळून झोपावं. "आजवर असं काही करत होतात का तुम्ही?"

निंग नाही म्हणणार होती. तेवढ्यात हार्सोयोनं पाठ ताठ केली. झेंड्यासमोर उभा राहायचा तशी. "मी करतो ना, डॉक्टर. रोज दुपारी. पोटावर घेऊन ऊब देतो. लग्न झाल्यापासून खाडा नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "पोटावर?"

"हो ना. माझं पोट तसं नाजूक. जरा गार लागलं की वात धरतो, संध्याकाळपर्यंत ढोल वाजतो नुसता. पण म्हटलं, बिचारीच्या पावलाचा बर्फ होतो. आपण नाही तर कोण?"

"बघा," डॉक्टरीणबाई निंगला म्हणाल्या, "किती नशीबवान आहात."

निंग नवऱ्याकडे बघत राहिली. तीस-पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी ती त्याच्यासाठी आलं ठेचून, गूळ घालून काढा उकळत आली होती. त्याच्या ढेकरा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात. लोकांना त्यावरून वेळ कळायची. या माणसाच्या पोटात इतका वात येतो कुठून, हे तिला कधीच उमगलं नव्हतं.

प्लास्टर बांधलेला पाय घेऊन स्कूटरवर बसता येईना म्हणून स्कूटर तिथंच सोडून दोघं सायकलरिक्षात बसली. पाय तोफेसारखा पुढे रोखलेला. मागून रिक्षावाला पेडल मारत होता.

"तुम्हाला गार हवं असायचं," निंग म्हणाली.

"मला? मी कधी म्हटलं?"

"पहिल्या दिवशी. 'आहा' म्हणालात."

"'आहा' नाही, 'हाऽ' म्हणालो. दचकलो होतो मी! पोटावर साप पडला असं वाटलं."

"मग ढकलून द्यायचा होता."

"नव्या बायकोचा पाय ढकलतात का? म्हटलं, आपण होऊन ठेवलाय, गारठली असेल."

"सुराबायात? गारठली?"

"मला काय माहीत! तुझा पाय, तुला ठाऊक. मी कधी काही विचारलं का?"

"आणि परवा जे 'हे गरम आहे, दुसरं दे' म्हणालात ते?"

"मग! गरम पायाला ऊब कशाला? गारठलेला असेल तो दे म्हटलं."

"माझी कंबर गेली, पाक, तिकडे तंगडी टाकून टाकून. कूस बदलायची सोय नाही. तुमची झोप मोडेल म्हणून मुंग्या आल्या तरी हलले नाही मी."

"आणि माझं पोट गेलं त्याचं काय? शाळेत पोरं मला बँडवाला म्हणायची!"

"पाक, बू," मागून रिक्षावाला म्हणाला, "पुलाचा चढ आहे. वर पोचल्यावर भांडलात तर बरं पडेल. हसलो की माझ्या पायातला जोर जातो."

चढावर दोघं गप्प बसली. निंगला राग आला होता, पण तो कुणावर धरावा हे सापडत नव्हतं. बसमध्ये कुणी जागा दिली तर ती उभीच राहायची. जिन्यावर कुणी हात पुढे केला तर ती रुमाल शोधण्याचं निमित्त काढायची. कुणाचं काही घ्यायचं नाही, हा तिचा पीळ होता, पायापेक्षा मजबूत. स्वतःच्या लग्नात रीतीप्रमाणे नवऱ्यानं पायाखाली अंडं फोडल्यावर त्याचं पाऊल धुवायला ती खाली बसली आणि बसली ती बसलीच, उठता येईना. तेव्हा हार्सोयोनं खाली वाकून कवायतीच्या आवाजात "एक, दोन, हुप!" करून तिला उचललं होतं. पाहुण्यांना वाटलं सोलो गावाकडची काही पद्धत असेल. तेवढं एक उचलणं तिनं घेतलं होतं आणि रोज दुपारी गारवा देऊन फेडत आले, असं ती समजत होती. आता कळलं की फेडणं वगैरे काही नव्हतंच. दोघंही देत होती, घेणारं त्या खाटेवर कुणी नव्हतंच. मग ते इतकं सगळं दिलेलं गेलं कुठं? बहुधा ढेकरांत गेलं. तिला एकाएकी हसू फुटलं, आणि हार्सोयोला वाटलं ती रडतेय, म्हणून त्यानं आपला घामट रुमाल पुढे केला. तिनं तो घेतला.

प्लास्टरच्या दिवसांत दुपारी पाय उशीवर आणि हार्सोयो पलीकडे. त्याचं पोट आठवड्याभरात नीट झालं. ढेकरा थांबल्या, आणि समोरच्या घरातली म्हातारी चौकशीला आली की पाक बरे आहेत ना. हार्सोयो बरा होता, पण त्याला झोप येईना. तो पोटावर कधी उशी घ्यायचा, कधी वर्तमानपत्र, कधी मांजर. निंगला दिसायचं.

रुक्मी म्हणाली, नस्तितीला दुसरं कुणीतरी सजवेल, तू विश्रांती घे. "खुर्ची आणा मशिदीतली चाकांची," निंग म्हणाली, "आणि तिला स्टुलावर बसवा. कपाळ माझ्या हाताशी आलं म्हणजे झालं. कपाळ काय मी पायानं काढते?" लग्नाच्या दिवशी पहाटे तिनं नातीच्या कपाळावर अशी महिरप काढली की फोटोवाल्यानं जेवायला जायचं लांबणीवर टाकलं. मग हार्सोयोनं तिची खुर्ची मांडवात आणून ठेवली, पांढराशुभ्र पाय समोर सगळ्यांना दिसेल असा, झाकायला काही उपाय नाही. निंगनं मान खाली घातली. आता अख्खा मांडव आभाळाकडे बघणार.

पहिली बाई आली ती सरळ प्लास्टरवर टकटक करून म्हणाली, "अगं बाई! पडलात?"

निंगनं वर पाहिलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. "हो," तिच्या तोंडून निघून गेलं, "जिन्यावरून."

"माझंही मनगट गेलं होतं की! ओल्या फरशीवर." बाईनं मनगट दाखवलं. मग तिची नणंद आली, तिचा खुबा सरकलेला. मग एक गृहस्थ, मोटारसायकलवरून कालव्यात गेलेले, तीन फासळ्या. निंगच्या खुर्चीभोवती मांडवातली सगळी मोडकी हाडं जमली. जो तो विचारी, काय झालं, कसं झालं, आणि निंगला कंठ फुटला. एकाला तिनं सांगितलं रिक्षानं उडवलं, दुसरीला सांगितलं नवरदेवाच्या वरातीत वाजवायचा जड काशाचा गोंग पायावर पडला, तिसरीला सांगितलं गाय. लोक हळहळत, हसत, पायाला हात लावून बघत. एकदा तर वराचे चुलते प्लास्टरवर सही करून गेले. तिला आतून इतकं हलकं वाटत होतं की तिची तिलाच लाज वाटली. जन्मभर जो पाय कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती धडपडली, तो आज लग्नातला पाहुणा झाला होता. आणि कारण एवढंच की तो मोडला होता. मोडलेलं सगळ्यांना कळतं. न मोडता वाकडं असलेलं कळत नाही.

रुक्मी फणफणत आली. "गाय? गाय कुठली गं? आपल्याकडे गाय कधी होती? ते नवरदेवाचे मामा मला विचारतायत, गाईला काही लागलं का म्हणून!"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, बरी आहे," रुक्मी म्हणाली, आणि बहिणीच्या खुर्चीच्या दांडीला धरून पोट दुखेपर्यंत हसली. हसता हसता तिनं नेहमीसारखं, निंग दमली असेल, असं म्हणायला तोंड उघडलं आणि निंगनं तिच्या हातात भाताचं ताट देऊन तिलाच बसवलं.

प्लास्टर काढायच्या दिवशी निंगनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आणखी पंधरा दिवस नाही का ठेवता येणार? रविवारी आणखी एक लग्न आहे." त्यांनी ऐकलं नाही. कवच फुटलं आणि आतून पाऊल निघालं. सालपटं सुटलेलं, बारकं, जांभळं. हार्सोयोनं पुढे होऊन ते तळव्यावर घेतलं आणि मान हलवली. आंबा पिकला की नाही बघतात तशी. "झालं गार," तो म्हणाला. त्या दुपारी जेवणानंतर दोघं खाटेवर नवख्यासारखी पडली होती. तुम्हाला नको असेल तर, निंग म्हणाली. तुला नको असेल तर, हार्सोयो म्हणाला. पोट बिघडेल तुमचं. कंबर धरेल तुझी. शेवटी तो खाटेवर आडवा फिरून तिच्या पायांकडे आला, जेणेकरून तिला तंगडी टाकावी लागू नये, आणि पोटावर आधी टॉवेलाची घडी घातली. मांजराला मात्र तिथून उठावं लागलं.

आधाराचा साचा आणि जाड तळाचा काळा बूट पुढच्या महिन्यात आला. चालताना टक, टक असा आवाज व्हायचा. बाटिकाखालून बुटाचं नाक दिसायचं, आणि वीतभर पावलं टाकणाऱ्या बायकांत तो आवाज लपायचं नाव घेईना. सिदोआर्जोला एका घरी पहाटेच निंग नवरी सजवायला गेली. दारात बाहेर वहाणांचा ढीग. सगळी माणसं अनवाणी, चटया पसरलेल्या. निंग उंबऱ्यापाशी थांबली. पूर्वी असती तर तिनं दुसरा काहीतरी मार्ग काढला असता, पाय ओढत, हसत, भिंतीला धरत. आतून नवरीची आजी आली. बुटकी, गोल, कानात जड सोनं. तिनं बुटाकडे पाहिलं. आभाळाकडे नाही. आजूबाजूला सुना उभ्या होत्या.

"हा काढता येणार नाही मला," निंग म्हणाली. "तळ पुसून आणलाय."

"पायाला काय झालंय?" आजीनं विचारलं.

जिना, रिक्षा, गोंग, गाय, सगळ्यांनी एकदम तिच्या जिभेवर गर्दी केली. निंगनं त्यांना बाजूला सारलं. हे वाक्य तिनं उभ्या आयुष्यात मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, कसं ऐकू येतं हेही तिला माहीत नव्हतं.

"पोलिओ," ती म्हणाली. "चार वर्षांची असताना झाला. तेव्हापासून असाच आहे."

सुनांपैकी कुणीतरी चुळबुळ केली. आजीनं आपल्या लुगड्याचा काठ जरा वर उचलला आणि आपला सुजलेला, लालबुंद अंगठा पुढे केला.

"माझं युरिक अ‍ॅसिड," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. या आत. आणि काहीही असो, ते तळलेले एंपिंगचे पापड खायचे बंद करा."